चौऱ्याऐंशीवी रात्र

४ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडताच टाकून दिलं असतंस. म्हणून पत्ता ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. आता उघडलंच आहेस तर वाच.

दोन वर्षं झाली. आईला फोन केला की ती "हो, बरं आहे तिचं" एवढंच सांगते आणि मागून तुझ्या बादल्यांचा आवाज येतो. म्हणजे तू हॉस्पिटलच्या चादरी धुऊन आल्यावर घरीही धुणंच धुतेस. मी ही नोकरी धरली तेव्हा तू म्हणाली होतीस, "ज्या फाटकाबाहेर आपण रांग लावली, त्याच फाटकातून आता तू पगार घ्यायला आत जाणार?" मी म्हणाले, आत गेल्याशिवाय आतलं बदलत नाही. तू म्हणालीस, "भाषण कॉलेजात दे." त्यानंतर तू काहीच म्हणाली नाहीस.

तर आतलं सांगते. आत काही बदललेलं नाही. नियम तोच आहे. संध्याकाळी सातच्या आत निवाऱ्याच्या वहीत नाव लागलं पाहिजे. सलग नव्वद रात्री नाव लागलं तर खोल्यांच्या यादीत नंबर. एक रात्र चुकली की पुन्हा एकपासून. माणूस खरोखरच बेघर आहे हे सिद्ध व्हावं, म्हणून. वहीवाले काकासुद्धा तेच आहेत, आता फक्त चष्मा लागलाय. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

नोकरीला लागल्या लागल्या मी हा नियम बदलावा म्हणून सहा पानांचं टिपण लिहिलं होतं. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर लिहितेस गं!" ते टिपण अजून त्यांच्या टेबलावर आहे. त्यावर त्या चहाचा कप ठेवतात.

पण हे पत्र तक्रारीचं नाही. यंदा काहीतरी चांगलं होतंय. संस्था नाताळासाठी एक गाणं काढतेय. 'ऊब वाटूया' असं नाव आहे. एक फार नावाजलेला गायक ते फुकट गाणार आहे, निवाऱ्यातली माणसं मागे कोरसमध्ये गाणार आहेत, आणि विक्रीतून जे येईल ते सगळं बेघरांच्या खोल्यांसाठी. नाताळात वाजायचं तर गाणं आत्ताच गाऊन ठेवावं लागतं, म्हणून या महिन्यात रेकॉर्डिंग. कोरससाठी अकरा जण निवडायचं काम माझ्याकडे आलंय.

बैठकीत व्हिडिओवाला म्हणाला, "चेहरे पाहिजेत, पण बघवतील असे पाहिजेत." सगळे हसले. मला शिसारी आली, पण मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेणं हे माझं काम आहे.

मी सगळ्यात आधी बटणमावशींचं नाव घातलं. निवाऱ्यात कोणाच्याही कोटाचं बटण तुटलं तर त्या लावून देतात, म्हणून हे नाव. साठी उलटलीय. तीस वर्षं शिवणकाम केलं, एका खोलीत राहिल्या, मालकाने इमारत विकली आणि खोली गेली. आवाज असा आहे की जेवायच्या हॉलमध्ये त्या गुणगुणायला लागल्या की चमचे थांबतात. आज त्यांची सत्तरावी रात्र. अजून वीस. नंबर लागला तर काय कराल, असं मी विचारलं. म्हणाल्या, "दार लावीन. तीन महिने झाले, मी दार लावलेलं नाही."

तुला अजून एक सांगायचंय, पण आज नको.

धाकटी


१९ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण कालचा दिवस कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटातून जाणार नाही.

काल रेकॉर्डिंग झालं. आमचे अकराही जण सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, असेल तो चांगला कपडा घालून आले होते. एका आजोबांनी तर कुणाकडून तरी टाय मागून आणला होता. स्टुडिओत पाय ठेवला, आणि मेकअपवाल्या बाईने त्यांच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "अहो, हे तर लग्नाला आल्यासारखे दिसतायत!" मग तिने एक काळपट पावडर काढली आणि एकेकाच्या गालाला, मानेला, नखांना लावत सुटली. ताई, धुऊन आलेल्या माणसाला पुन्हा मळवायचं. आजोबांचा टाय काढून घेतला. मावशींच्या कोटाची बटणं एकसारखी होती. व्हिडिओवाला म्हणाला, "यातली दोन तोडता येतील का?" मावशी म्हणाल्या, "तोड. पण लावून तूच द्यायचीस. दोरा मी देते." त्याने नाद सोडला.

गायक एक वाजता येणार होता. तो चारला आला. उशीर का झाला ते कुणी विचारलं नाही. तो आत आला, प्रत्येकाला मिठी मारली, प्रत्येक मिठीचा फोटो निघाला. मग तो कोपऱ्यात गेला आणि हाताला, मनगटाला, कोपरापर्यंत जंतुनाशक चोळलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "घसा जपावा लागतो." घसा कोपरात असतो हे मला पदवी घेऊनही माहीत नव्हतं.

मग बर्फ. पंखे बंद, कारण आवाज येतो. सगळ्यांच्या अंगावर जाड कोट, लोकरीच्या टोप्या, आणि वरून यंत्रातून साबणाचा फेस. घामाच्या धारांमध्ये फेस उतरून डोळ्यांत जात होता. आजोबांना खोकल्याची उबळ आली. व्हिडिओवाला ओरडला, "हे घ्या, हे घ्या, हे खरं वाटतंय!"

गाण्याच्या वेळी तर कहर. मावशींनी सूर लावला आणि काचेपलीकडचा संगीतकार उठून उभा राहिला. मला वाटलं, आनंदाने. तो आत आला आणि म्हणाला, "मावशी, जरा थकल्यासारखं गा ना."

"थकलेलीच आहे की बाळा. ते आणखी वेगळं कशाला गायचं?"

"तसं नाही. म्हणजे सूर थोडा कमी लागला तरी चालेल."

"कमी लावायला मला कुणी शिकवलं नाही. तू लावून दाखव, तसा लावते."

आमच्यातले सगळे खो खो हसले. संगीतकार हसला नाही. शेवटी असं ठरलं, की व्हिडिओत तोंडं आमची राहतील आणि आवाज नंतर दुसऱ्या, पगारी कोरसचे घालतील. त्या कोरसला म्हणे बेसूर गायचे जास्त पैसे द्यावे लागतात. तरी आमच्या लोकांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, कारण ओठ बरोबर हलायला हवेत.

बाजूच्या टेबलावर केक, सँडविच, फळं होती. त्यावर पाटी होती, 'कलाकारांसाठी'. आमच्यासाठी मागच्या जिन्यात बिस्किटं ठेवली होती. मी दोन केक उचलून रुमालात गुंडाळून आणले. चोरी केली. त्याचं मात्र मला काही वाटलं नाही.

परतायला थोडा उशीर झाला. मॅडम फाटकावर फोन करणार होत्या, त्यामुळे ते नीट होईल. आज सकाळी माझ्या खोलीत चहाचे दोन कप धुतले, ही गोष्ट वेगळी.

धाकटी


२४ सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरं लिहायचं तेवढं टाळलं. आज लिहिते.

त्या दिवशी साडेपाचलाच मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. स्टुडिओ ते निवारा गाडीने पाऊण तास. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी फाटकावर फोन करते. नावं लावून घेतील. आपलीच संस्था आहे ना?" सव्वासहाला मावशी माईकसमोरून हलल्या आणि माझ्याकडे आल्या. "पोरी, सात वाजले तर माझी रात्र जाईल. त्र्याऐंशी झाल्यात." मागून मॅडम म्हणाल्या, "काही होत नाही हो मावशी, एकदाच अजून!" मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिल्या.

मी म्हणाले, "मावशी, मी आहे ना."

त्या परत जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे दहा जणही, त्या उभ्या राहिल्या म्हणून राहिले. मॅडमवर कुणाचाच विश्वास नव्हता. माझ्यावर होता. मी रोज त्यांच्यात बसून जेवते, म्हणून होता.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी फाटकाशी लागली. वहीवाले काका बाहेर आले.

"नावं लागली नाहीत."

"मॅडमचा फोन आला असेल ना?"

"कसला फोन? खाटा रांगेतल्यांना दिल्या."

"काका, हे संस्थेच्याच कामाला गेले होते. संस्थेच्याच गाण्याला!"

"गाण्याचं मला काही सांगू नका. वहीत सात म्हणजे सात."

मी मॅडमना फोन लावला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. मागे काटे-चमच्यांचा आवाज होता. "अगं बाई, विसरलेच की! आम्ही सगळे गायकसाहेबांना घेऊन जेवायला आलोय. आता रांगेतल्यांना उठवणं बरं दिसेल का? उद्या बघू."

बाकीच्यांचे आकडे लहान होते, कुणाचे नऊ, कुणाचे बारा. तरी आकडे त्यांचेच होते. एक जण माझ्या पायाशी थुंकला आणि दहा जण बस स्टँडकडे चालत गेले. त्यांच्या गालांवर ती काळी पावडर तशीच होती. मावशी मात्र फाटकाचा गज धरून उभ्या. शिव्या नाहीत, रडणं नाही. मी त्यांना माझ्या खोलीवर घेऊन आले. पलंगावर त्या, खाली मी.

इथपर्यंत झालं ते मॅडमनी केलं असं म्हणता येईल. यापुढचं माझं.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. कुणी मागितला नव्हता. पण मला वाटलं, सगळं कागदावर आलं की संस्थेला लाज वाटेल, न्याय होईल. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, सगळं खरं लिहिलं. शेवटी मावशींबद्दल लिहिलं, 'यांच्या रात्रीच्या निवासाची सोय मी माझ्या खोलीवर केली.' हे वाक्य लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, ताई. तुला खोटं सांगणार नाही.

हात दाखवून अवलक्षण! नियम असा आहे, की ज्याची रात्री दुसऱ्या छपराखाली सोय होते तो बेघर नाही. बस स्टँडवर झोपलेले दहा जण पुन्हा एकपासून मोजायला मोकळे. मावशींचं नाव मात्र सहा महिन्यांसाठी कटाप. पुरावा म्हणून माझाच अहवाल जोडला. काकांनी वहीत पट्टी धरून रेघ मारली. वाकडी जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने पट्टी दाबून धरली होती.

म्हणजे त्या फुटपाथवर झोपल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पलंग दिला नसता तर बरं झालं असतं. दिला तो दिला, निदान लिहिलं नसतं! घरातली पहिली शिकलेली मुलगी, आणि जे काय शिकले त्यानेच बाईचा गळा कापला.

मावशी तरी रोज येतात. खाट नाही, पण वहीच्या मागच्या पानावर नाव वेगळं लावून त्यांना व्हरांड्यात गादी मिळते. त्या रात्री मोजल्या जात नाहीत.

आणि आता राहिलेलं. गाण्याचं दुसरं कडवं तुझं आहे.

ते गीत लिहिणारे मला म्हणाले होते, "एखादी खरी गोष्ट सांगा." मी सांगितली. बाबा गेल्यावर त्यांच्या नोकरीबरोबरची खोली गेली. आई कामावर, मी सात वर्षांची. तू दुपारी तीनपासून रांगेत जागा धरायचीस, कारण उशीर झाला तर खाटा संपायच्या. तुझा दहावीचा भूगोलाचा पेपर तीन ते सहा होता. आपली ती एकोणऐंशीवी रात्र होती. तू पेपरला गेली नाहीस. मग आपल्याला खोली मिळाली, मी शाळेत गेले, मी कॉलेजात गेले. तू चादरी धुवायला गेलीस. मुलाखतीतही मी हेच सांगून नोकरी मिळवली होती, आणि आईकडून ते तुला कळलं. तू रागावलीस ती फाटकामुळे नाही, ह्यामुळे. मला माहीत होतं. तरी पुन्हा सांगितलं.

कडव्यात एक लहान मुलगी बर्फात रांगेत उभी राहून रडते आणि आकाशातली चांदणी तिला कुशीत घेते.

धाकटी


५ ऑक्टोबर

ताई,

तू फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते आणि मग हसत नव्हते. दोन वर्षांनी तुझं पहिलं वाक्य, "त्या बाईला गादी भिंतीकडे मिळते का दाराकडे?" मी म्हणाले, दाराकडे. "मग वहीवाल्याला सांग, वारा लागतो. तो ऐकतो. त्याला फक्त नियमाबाहेरचं सांगायचं नाही." तू त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस.

मग तू म्हणालीस, "त्या कडव्यात मी रडतेय?"

"हो."

"मी एकदाही रडले नव्हते. वेळ कुठे होता? पुढची बाई सारखी मागे सरकून माझी जागा खायची. तिला कोपराने ढकलत ढकलत तीन महिने काढले मी. विकायचंच होतं तर निदान खरं विकायचंस. चांदणी म्हणे!"

मी माफी मागायला लागले तर म्हणालीस, "ते राहू दे. आता काय करणार ते बोल." तेव्हा मी अर्धवटच सांगितलं, म्हणून नीट लिहिते.

रेकॉर्डिंगच्या माणसाला आमच्या लोकांची दया आली असावी. त्याने मला त्या सबंध दिवसाचं कच्चं रेकॉर्डिंग दिलं. गाण्याच्या मधलं बोलणं त्यात तसंच आहे, वेळेसकट. मावशींचं "माझी रात्र जाईल" आहे. मॅडमचं "काही होत नाही" आहे. माझं "मी आहे ना" पण आहे. माझा तो आवाज मी ऐकला. किती मऊ, किती शिकलेला आवाज.

ते घेऊन मी मॅडमकडे गेले. म्हणाले, मावशींची ती रात्र मोजा, नाहीतर मी हे वर्तमानपत्रात देईन. मला वाटलं होतं त्या घाबरतील. त्यांनी आधी माझ्यासाठी चहा मागवला.

"हे बघ बाळ, तू दे. गाणं बंद पडेल. गाणं बंद पडलं की खोल्या बंद. मग तुझ्या मावशींनाही नाही आणि त्यांच्या मागच्या शंभर जणांनाही नाही. चालेल तुला?"

मग त्यांनी एक कागद पुढे केला. टाईप केलेला तयारच होता. चार ओळी होत्या. निवासींना उशिरापर्यंत मी संस्थेला न कळवता ठेवून घेतलं. माझ्या खोलीवर कुणीही झोपलं नाही. तसा अहवाल मी संस्थेला बदनाम करण्यासाठी लिहिला. मावशी त्या रात्री निवाऱ्यात हजर होत्या, त्यांचं नाव चुकून राहिलं. खाली माझी सही, सोबत राजीनामा, आणि रेकॉर्डिंग परत. मग काका वहीत 'हजर' लिहितील. त्या एका रात्रीपुढे 'हजर' लागलं, तर व्हरांड्यातल्या रात्रीही धरल्या जातील, आणि मावशींच्या नव्वद केव्हाच पूर्ण झाल्या आहेत.

म्हणजे खरं लिहिलं तेव्हा त्यांचं नाव कापलं गेलं. खोटं लिहिलं तर जोडलं जाईल.

मी मावशींना विचारलं. त्या एका माणसाच्या बाहीला बटण लावत होत्या. दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? हो म्हटलं तर जन्मभर मिरवशील, की मावशींसाठी केलं. नाही म्हटलं तर मी वेडी. सही तुझी, डोकं तुझं. मला चहा पाज."

आणि तू काय म्हणालीस? "तुला तुझं खरं पाहिजे का त्या बाईला खोली?"

मी म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही मिळत असतं तर मी भूगोलाचा पेपर दिला असता," असं म्हणून तू फोन ठेवलास.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

सही केली.

मॅडमनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "शहाणी मुलगी." घरी येऊन मी अंगातला कुर्ता भिजत टाकला. अजून बादलीतच आहे.

काकांनी ती रेघ खोडली नाही. खाडाखोड चालत नाही म्हणे. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी कापली, डिंक लावला, रेघेवर चिकटवली आणि वर लिहिलं, 'हजर'. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझी बहीण बरी आहे का?" म्हणजे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तुम्ही साहेब लोक झालात. आधी तुम्ही बोलायचं." आणि वही मिटली.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या इमारतीत मला एकट्या त्या माणसाची किळस आली नाही. तो जेवढा आहे तेवढाच दिसतो.

आईला नोकरी गेल्याचं सांगू नकोस. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लागलेय. दिवसभर दुसऱ्यांची खरी-खोटी कागदपत्रं काढते. आपण काही लिहायचं नाही, नुसत्या प्रती काढायच्या. हाताला आराम आहे.

धाकटी


१४ डिसेंबर

ताई,

तुमच्याकडेही वाजतंय म्हणालीस. इथे तर झेरॉक्सच्या दुकानात मालकाने दिवसभर लावून ठेवलंय. बेसूर कोरस ऐकून गिऱ्हाइकं म्हणतात, "बिचारे! कसं मनापासून गातायत." मी प्रती मोजत बसते. तुझं कडवं आलं की मी यंत्राचं झाकण जोरात आपटते. परवा मालक म्हणाला, "काच फुटेल, पोरी."

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. मावशींना खोली मिळाली. काल.

चौथा मजला, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. नळ आत आहे. मावशींनी निरोप धाडला होता, "बोचकं उचलायला ये. कॅमेरेवाले येणार आहेत, ती त्यांची अट आहे." म्हणजे किल्ली हवी असेल तर किल्ली घेताना दिसायला हवं. गाण्याच्या व्हिडिओला नवा शेवट जोडायचा होता, गाण्यामुळे एका बेघर बाईला घर मिळालं असा. ज्या गाण्याने त्यांची खोली घालवली होती, त्या गाण्याने, ताई. मी ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. मग जिन्यात थुंकले. आयुष्यात पहिल्यांदा जिन्यात थुंकले.

मॅडम भेटल्या. "अरे, तू! छान, छान," म्हणाल्या आणि मला कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवलं. मी बोचकं आत ठेवून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. व्हिडिओवाल्याने खिडकीबाहेर तो साबणाचा फेस सोडायला एक माणूस गच्चीवर चढवला होता. बाहेर चांगली थंडी होती, खरी, पण ती कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणे.

मग सुरू झालं. मॅडम किल्ली देतात, मावशी घेतात, दार उघडतात, वळून हसतात, आणि म्हणतात, "सगळ्यांचे आभार." एवढंच होतं. पहिल्यांदा फेस उशिरा पडला. "किल्ली परत द्या मावशी, पुन्हा देतो." दुसऱ्यांदा मॅडमचे केस डोळ्यांवर आले. "किल्ली परत द्या मावशी." तिसऱ्यांदा मावशी हसल्या नाहीत. चौथ्यांदा हसल्या, पण व्हिडिओवाला म्हणाला, "असं नाही, डोळ्यांत पाणी पाहिजे." मावशी म्हणाल्या, "नळ आत आहे, आणू का?" पाचव्यांदा, सहाव्यांदा. मी मोजत होते. दर वेळी ती किल्ली त्यांच्या तळहातावर पडायची आणि दर वेळी काढून घेतली जायची. मला उठून ओरडायचं होतं. पण माझ्या ओरडण्याने, माझ्या लिहिण्याने काय होतं ते मला माहीत झालंय. मी पायरीची कड धरून बसून राहिले.

सातव्यांदा मॅडमनी किल्ली दिली. मावशींनी घेतली. दार उघडलं. फेस बरोबर पडला. मावशी आत गेल्या, वळल्या. माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग वरच्या खिट्टीचा.

बाहेर सगळे थांबले. कुणीतरी 'कट' म्हणालं. गच्चीवरचा माणूस फेस सोडतच होता.

मॅडमनी दारावर टकटक केलं. "मावशी, अहो, आभाराचं राहिलं! शेवटचं एकदाच."

आत नळ सुरू झाला. बादलीत पाणी पडत राहिलं.

"मावशी! किती लोक खोळंबलेत बघा!"

नळ बंद झाला.

"कोण पाहिजे?" आतून आवाज आला.

"अहो, आम्ही! तुम्हीच पाहिजे!"

"त्या घरी नाहीत," मावशी म्हणाल्या.